न कळणारा डोळा

आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवणापेक्षा उंदरांची मूत्रपिंडंच जास्त वेळ असतात. म्हणजे त्यांचे फोटो. खरी मूत्रपिंडं प्रयोगशाळेतच राहतात, तेवढी दया माझ्या बायकोला आहे. पण काळ्या कागदावर हिरवे-तांबडे ठिपके असलेले ते चकचकीत फोटो गेली काही वर्षं माझ्या वरणभाताच्या शेजारी इतके पडलेत, की एखाद्या दिवशी टेबल मोकळं दिसलं तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

बायकोचं नाव सुवर्णा. मालवीय नगरच्या बाजूला एक विज्ञान संस्था आहे, तिथे ती प्राध्यापक. मी शामराव, बँकेतून निवृत्त. आम्ही मूळचे सोलापूरचे, संसार मांडला पुण्यात, आणि बँकेनं मला जयपूरला बदली करून पाठवलं तेव्हा मुलाबाळांसकट इकडे आलो. पुढे कोटा, अलवर असं फिरून मी पुन्हा इथेच टेकलो. मुलं कामाधंद्यानं लांब गेली. आम्ही दोघं आदर्श नगरच्या घरात राहिलो, मी, ती आणि मूत्रपिंडं.

या फोटोंच्या बाबतीत माझ्याकडे एक नोकरी आहे. बिनपगारी, पण पदाचा मान मोठा. सुवर्णाचे विद्यार्थी फोटो काढतात, मागे काहीतरी खुणेची अक्षरं टाकतात आणि पाकीट घरी येतं. ते पाकीट सुवर्णा उघडत नाही. मी उघडतो. पेन्सिल घ्यायची आणि जिथे ठिपका पिवळा दिसेल तिथे गोल करायचा. हिरवा सोडून द्यायचा, तांबडा सोडून द्यायचा. फोटो कुठल्या उंदराचा, उंदीर आजारी होता की धडधाकट, पिवळं आलेलं चांगलं की वाईट, यातलं काहीही मला सांगायचं नाही, आणि मी विचारायचं नाही. मी पाहिल्याशिवाय ती स्वतः एकही फोटो बघत नाही.

“पण मीच का?” असं मी सुरुवातीला विचारलं होतं.

“तुम्ही उभा जन्म लोकांच्या सह्या तपासल्यात, आणि तुमचा कुणावर विश्वास नाही. शिवाय तुम्हाला यातलं काही कळत नाही. हेच तुमचं क्वालिफिकेशन,” ती म्हणाली.

बायकोनं नवऱ्याला काही कळत नाही म्हणणं यात नवीन काय? पण ते गुणपत्रिकेत चांगल्या बाजूला धरलं गेलेला नवरा जयपुरात मी एकटाच असेन. मी काम मनापासून करत आलो. मी फोटो बघत असताना ती स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहते. तिचा चेहरा म्हणजे उघडं दुकान आहे, पत्ते खेळताना तिच्या हातात एक्का आला की चारदीवारीतल्या, म्हणजे पार जुन्या शहरातल्या, लोकांनाही कळावं. म्हणून ही पाठ. आणि मी “झालं” म्हणेपर्यंत ती वळत नाही.

तिच्या कामातलं बाकीचं मला जे दिसतं ते घरगुती. चपात्या गुंडाळायची फॉइल आमच्याकडे कधी टिकत नाही, कारण ते हिरवे-तांबडे रंग उजेडानं उडतात म्हणून प्रयोगशाळेत नमुन्यांच्या काचा फॉइलमध्ये झाकून ठेवतात आणि तिथली संपली की ती घरची नेते. बापू बाजारातला एक दुकानदार तिला बघितलं की बिनरंगाच्या नेलपॉलिशच्या बाटल्या काढून ठेवतो. त्याला वाटतं या मॅडमना नट्टापट्ट्याची हौस आहे. प्रत्यक्षात तिच्या नखांना आजवर नेलपॉलिश लागलेलं नाही. त्यानं ती काचांच्या कडा चिकटवते.

तर ही सुवर्णा या एप्रिलअखेर निवृत्त होणार. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिचं निरोपाचं व्याख्यान ठरलं. बाहेरगावचे पाहुणे येणार होते. त्याच्या आधी काही दिवस एक पाकीट आलं. मी फोटो काढले आणि पेन्सिल थांबेचना. आजवर एखाददुसरा गोल करायचो, इथे नुसते पिवळेच पिवळे. हिरवा म्हणून एकही ठिपका उरला नव्हता. मी “झालं” म्हणालो. ती वळली, फोटो बघितले, आणि परत ओट्याकडे गेली. थोड्या वेळानं शिऱ्याचा वास आला.

“आज काय आहे?” मी विचारलं.

“काही नाही. शनिवारी कळेल.”

माझ्या साखरेवर ती पोलिसासारखी नजर ठेवते. तिनं मला आपणहून दुसऱ्यांदा शिरा वाढला. मी गुपचूप खाल्ला. तिच्या मनात पुण्यापासून एक प्रश्न आहे एवढं मला ठाऊक होतं. तिथे ती एका मोठ्या प्रयोगशाळेत होती. चांगला मायक्रोस्कोप होता, चांगलं नाव होत होतं. माझी बदली झाली आणि ते सगळं सोडून ती आली. इथे सुरुवातीला बीएस्सीच्या मुलांना बेडूक शिकवण्यात तिची कितीतरी वर्षं गेली. तिनं त्याबद्दल मला कधी एक शब्द ऐकवला नाही. तिनं ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोललो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. पण ती बोलली नाही, आणि ते माझ्या घशात अडकून राहिलं.

बुधवारी दुपारी सुवर्णा व्याख्यानाच्या साडीला फॉल लावून घ्यायला चारदीवारीत गेली होती. दारावरची बेल वाजली. बाहेर सलोनी उभी होती, तिची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. सलोनीचे वडील रेल्वेत, मूळ भुसावळकडचे. ती स्वतः जन्मापासून जयपूरची, तिचं मराठी दर दोन वाक्यांनी हिंदीत पाय घसरून पडतं. पोरीचे डोळे सुजले होते.

“मॅम घरी नाहीत,” मी म्हणालो.

“माहितीये काका. म्हणून तर आली.”

मी तिला पाणी दिलं. कूलर तिच्या बाजूला वळवला. ती ग्लास हातात धरूनच एकदम म्हणाली, “काका, तो पिवळा खोटा आहे.”

“कुठला पिवळा?”

“सगळा.”

मी म्हणालो, “मला सांगू नकोस, मला सांगायचं नसतं.” पण पोर रडायलाच लागली. रडणाऱ्या पोरीला नियम सांगणं मला जमत नाही. मी तिच्यासमोर बसलो, आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

“पेशीत दोन प्रोटीन आहेत, काका. त्यांचे खरे नाव एकदम ट्रेनच्या नंबरसारखे आहेत, म्हणून लॅबमध्ये आम्ही चिंगी आणि बंड्या म्हणतो. मॅमना वाटतं ते दोघं एकाच जागी बसतात. एकत्र. बाकी लोक बोलतात की नाही बसत. मॅम पुण्यापासून हेच शोधतायत.”

“मग?”

“प्रोटीन तर दिसत नाही. म्हणून आपण एक अँटिबॉडी टाकतो, ती जाऊन चिंगीलाच पकडते. पण ती चमकत नाही. मग दुसरी अँटिबॉडी टाकतो, तिला रंग बांधलेला असतो. दुसरी चिंगीला ओळखतच नाही. ती फक्त पहिलीला पकडते.”

“पहिलीला कशी ओळखते?”

“पहिली कोणत्या जनावरात बनली, त्याच्यावरून. चिंगीवाली सशात बनते. बंड्यावाली बकरीत. तर सशाला पकडणारी हिरवी, बकरीला पकडणारी लाल. हिरवा दिसला मतलब चिंगी. लाल दिसला मतलब बंड्या. दोघं एकाच जागी असले तर हिरवा-लाल मिळून पिवळा दिसतो.”

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी पेन्सिलीनं कशाला गोल करत होतो. परवाचा शिराही कळला.

“मग चुकलं कुठे?”

सलोनीनं नाक पुसलं. या दुसऱ्या अँटिबॉड्याही कुठल्यातरी जनावरातच बनतात. त्यांच्याकडच्या दोन्ही गाढवात बनवलेल्या असत. पण हिरव्याची बाटली संपली. नवी मागवायला वेळ नव्हता, व्याख्यान तोंडावर आलेलं. मग ती शेजारच्या प्रयोगशाळेत गेली आणि आपण वाटीभर साखर मागतो तशी थोडी हिरवी मागून आणली. या लोकांची पद्धत अशी की बाटलीला ती कुणाला पकडते आणि रंग कुठला एवढ्यावरूनच हाक मारायची. सशाचं हिरवं. बकरीचं लाल. ती कुणात बनली हे कोणी बोलण्यात घेत नाही. सुवर्णानं विचारलं, “सशाचं हिरवं मिळालं?” सलोनी म्हणाली, “मिळालं मॅम.” आणि ते उसनं आणलेलं सशाचं हिरवं नेमकं बकरीत बनवलेलं निघालं.

“आणि लाल तर बकरीलाच पकडते ना, काका!” असं म्हणून ती परत रडली.

मनातल्या मनात लग्नाच्या मांडवात उभा राहून मी विचार केला तेव्हा मला ते उमगलं. समजा मुलीकडच्यांना हिरवे फेटे बांधायचे आणि मुलाकडच्यांना तांबडे. फेटेवाले माणसाला ओळखत नाहीत, फक्त कुणाकडचे एवढं विचारतात. पण हिरवे फेटे बांधणारा माणूस स्वतःच मुलाकडचा निघाला. मग तांबडे फेटे बांधणारा प्रत्येक वेळी त्यालाही धरून तांबडा फेटा बांधणार. जिथे हिरवा, तिथे त्याच्या शेजारी तांबडा. लांबून बघणाऱ्याला वाटणार, वा, दोन्ही घरची माणसं काय गळ्यात गळे घालून उभी आहेत.

“तपासायची काही सोय नसते का?”

“पहिली न टाकता करून बघितलं होतं. ते काळं आलं, बरोबर आलं. पण चिंगीवाली आणि बंड्यावाली एक-एक वेगळी टाकून बघायला पाहिजे होतं, ते घाईत राहून गेलं. आज बाटली परत करायला गेली तेव्हा लेबल वाचलं.” तिनं माझ्याकडे बघितलं. “मी मॅमना नाही सांगू शकत. त्या इतक्या खूश आहेत. तुम्ही सांगा ना, काका.”

खरं सांगतो, मला त्या क्षणी सलोनीचा राग आला नाही. सशाचा आला, बकरीचा आला, बाटल्या बनवणाऱ्यांचा आला. एका दमात कुणीतरी माझ्या हातात काहीतरी ठेवलं होतं आणि हात मिटायच्या आत काढूनही घेतलं होतं. जो प्रश्न पुण्यात सोडून यावा लागला, त्याचं उत्तर तिला जयपुरात मिळालं होतं. म्हणजे इथे येणं वाया गेलं नव्हतं. आणि आता म्हणे ते खोटं.

“परत करून बघ,” मी म्हणालो. “बरोबरच्या बाटलीनं. तेव्हाही पिवळंच आलं तर?”

“येऊ शकतं,” ती हळूच म्हणाली.

“मग आत्ताच सांगून तिचा जीव कशाला खालीवर करायचा? शुक्रवारपर्यंत होईल ना?”

तिला तेच ऐकायचं होतं. मालवीय नगरातल्याच दुसऱ्या एका संस्थेत तिची मैत्रीण होती, तिच्याकडे गाढवातलं हिरवं होतं. बर्फाचा डबा घेऊन ती निघाली. सुवर्णाला तिनं फक्त एवढंच सांगितलं की एकदा अजून करून बघते. सुवर्णा खूश. “कर, कर,” म्हणाली. “पुन्हा तेच आलं की पोट भरतं.”

गुरुवारी सुवर्णा साडीला इस्त्री करत गुणगुणत होती. तिला गाता येत नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिला गाताना थांबवलं नाही, आणि तिनं वर बघून विचारलं, “बरं नाही का तुम्हाला?”

शुक्रवारी चहानंतर पाकीट आलं. सुवर्णा भेंडी घेऊन ओट्याकडे वळली. मी चष्मा पुसला. फार वेळ पुसला. मग फोटो काढले.

हिरवे ठिपके होते. तांबडे ठिपके होते. अगदी जवळजवळ होते, पण हिरवे हिरव्या जागी आणि तांबडे तांबड्या जागी. मी एकामागून एक फोटो बघत गेलो. सगळ्यांत तेच. एका फोटोत कोपऱ्यात हिरव्याची कड तांबड्याला टेकली होती, आणि तिथे, म्हटलं तर, पिवळसर काहीतरी होतं. मी पेन्सिल तिथे नेली. एक गोल करायचा, बस. असे प्रत्येक फोटोत दोन-चार कोपरे सापडले असते. बँकेत अशी सही समोर आली असती तर मी ती जुळत नाही म्हणून परत पाठवली असती. पण ओट्याकडची पाठ बघत होतो. त्या पाठीवर माझा इतका जीव आहे की मला तिथे पिवळं दिसू लागलं.

“झालं का?” तिनं न वळता विचारलं. ती कधी विचारत नाही.

“थांब.”

थोड्या वेळानं पुन्हा, “झालं?”

मी पेन्सिल खाली ठेवली.

“सुवर्णा, हे मला देऊ नकोस.”

“का? डोळे दुखतायत?”

“नाही. मला कळतंय.”

भेंडी चिरणारी सुरी थांबली. आणि मी “झालं” म्हटलेलं नसताना ती पहिल्यांदाच वळली.

“काय कळतंय?”

“पिवळं म्हणजे काय ते. चिंगी आणि बंड्या. तुला काय हवंय ते मला कळतं, आणि मला आता सगळीकडे तेच दिसतंय. माझा डोळा आता चालायचा नाही.”

मग मी सगळं सांगितलं. उसनी बाटली, बकरी, सलोनीचं रडणं. परत करून बघ हे मीच तिला सुचवलं, आणि तुला सांगू नको हेही मीच म्हणालो, हे आधी सांगितलं. सुवर्णा हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली. फोटोंकडे तिनं बघितलंही नाही.

“म्हणजे बुधवारपासून तुम्हाला माहीत आहे.”

“हो.”

“आणि काल मी इस्त्री करत होते तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात.”

“हो.”

याहून ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

तिनं फोटो उचलले आणि खिडकीपाशी गेली. संध्याकाळचं ऊन अजून होतं. एकेक फोटो ती उजेडात धरून बघत होती, परत पहिल्यावर येत होती. शेवटी ती स्वतःशीच म्हणाली, “वेगळे आहेत.” मग जरा वेळानं, “शेजारी आहेत, पण वेगळे आहेत.”

तिनं सलोनीला फोन लावला. मला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही.

“एक-एक वेगळी टाकूनही काचा लावल्यास का यावेळी?... त्याही बरोबर आल्या?... शहाणी. सकाळी लवकर ये, मला स्वतःला मायक्रोस्कोपखाली बघायचंय. आणि रडू नकोस. बाटली मीही बघायला हवी होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी ही चूक शिकवते.”

फोन ठेवला आणि मग मात्र ती रडली. मी उठून जवळ गेलो तर हातानंच थांब म्हणाली. रागावली की ती बोलत नाही, फक्त वाढते. त्या रात्री माझ्या पानात भेंडीचा डोंगर होता आणि मी तो निमूट संपवला.

शनिवारी ती सकाळीच गेली. मी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच सभागृहात पोचलो आणि मागच्या रांगेत बसलो. सुवर्णा व्यासपीठावर आली. साडी छान दिसत होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं पडद्यावर फोटो लावला. तो पहिलाच फोटो होता. पिवळाच पिवळा. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी माना डोलावल्या, कुणीतरी वा म्हणालं.

“सुंदर आहे ना?” ती म्हणाली. “मलाही वाटलं होतं. हा चुकीचा आहे.”

मग तिनं ससा, बकरी आणि गाढव यांची गोष्ट सांगितली. सभागृह खो खो हसलं. सलोनी खाली मान घालून बसली होती, तर सुवर्णानं तिला उभं केलं आणि सांगितलं, “निरोपाच्या तीन दिवस आधी गुरूची चूक सापडली तर विद्यार्थी गप्प बसतात. हिनं घाबरत का होईना, पुन्हा प्रयोग केला.” आणि नवा फोटो लावला.

मुंबईहून आलेले एक पाहुणे उठले. फार सौम्यपणे त्यांनी विचारलं, “म्हणजे तुमचं मूळचं म्हणणं...”

“चुकीचं होतं,” सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज जरा अडकला, पण तिनं तो सोडवून घेतला. “ते दोघं एकत्र नसतात. पण इतक्या जवळ येऊन एकमेकांना सोडून का बसतात, हे मला माहीत नाही. ते सलोनी शोधेल. आणि एक आभार राहिले. इतकी वर्षं माझे सगळे फोटो ज्यांनी तपासले, त्या परीक्षकांनी काल राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाले, विषय कळायला लागला.”

लोक हसले, टाळ्या वाजल्या. कुणी मागे वळून बघू लागले. मी चष्मा पुसत होतो.

परतताना ऑटो केला. हार आणि पुष्पगुच्छ आमच्या दोघांच्या मांडीवर. कालपासून ती माझ्याशी धड बोललेली नव्हती, आणि व्यासपीठावरून बोललेलं मी मोजत नव्हतो. जवाहरलाल नेहरू मार्गावरच्या गर्दीत ऑटो थांबला तेव्हा मी म्हटलं, आता बोललं नाही तर कधीच होणार नाही.

“सुवर्णा, तो पिवळा मला तुझ्यासाठी नको होता. माझ्यासाठी हवा होता.”

“म्हणजे?”

“माझ्या बदलीपायी तू पुणं सोडलंस. तिथे राहिली असतीस तर कुठल्याकुठे गेली असतीस. मला वाटलं, तुझं उत्तर इथे सापडलं, म्हणजे मी तुझं काही बिघडवलं नाही.”

ती माझ्याकडे वळली. मग हसायला लागली. हारातली फुलं खाली पडली तरी हसतच होती.

“अहो, तुमच्या मागे आले असं तुम्हाला वाटतंय? इतकी वर्षं?”

“मग?”

“मला तिथून सुटायचं होतं! आमचे तिथले साहेब मायक्रोस्कोपमध्ये आधी स्वतः बघायचे आणि जाहीर करायचे, पिवळं आहे. मग रांगेनं सगळ्यांना पिवळं दिसायचं. मला नाही दिसलं तर म्हणायचे, पुन्हा बघा, नीट बघा. शेवटी मलाही दिसायला लागलं. त्याची मला भीती वाटली. तुमची बदली झाली तेव्हा मी देवाला साखर ठेवली होती.”

“मग सांगितलं का नाहीस कधी?”

“विचारलंत कधी?” ती म्हणाली. “मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे. नाहीतर मी स्वतः पाठ करून तुम्हालाच का बसवलं असतं टेबलापाशी?”

एवढ्या वर्षांचं ओझं कुणाचं होतं आणि मी का वाहत होतो, असं वाटून मलाच माझा राग आला. आणि हलकंही वाटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं.

“राग गेला का?” मी विचारलं.

“नाही. तीन दिवस लपवलंत, तो आठवडाभर राहणार.” तिनं पुष्पगुच्छ माझ्या मांडीवर सरकवला आणि माझा हात धरला. भर रस्त्यात, उघड्या ऑटोत, आमच्या वयात. “पण काल तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत ना, तेव्हा मी मनात म्हटलं, बाई, बरोबर ठिकाणी आलीस. पुण्यात मला असा एकही माणूस भेटला नव्हता.”

आदर्श नगरचं वळण दिसायला लागलं होतं. मी पुढे वाकून ऑटोवाल्याला म्हणालो, “भैया, थोड़ा धीरे चलो.”